मायनस नंबर आणि ओसीटीच्या कागदावरचा लाल रंग

“डॉक्टर, रिपोर्टमध्ये लाल आलंय. म्हणजे काचबिंदूच ना?”

काही वर्षांपूर्वी इचलकरंजीहून आई-वडिलांबरोबर आलेल्या एका २२ वर्षांच्या मुलाचा हा प्रश्न. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ८ च्या आसपास. हातात ओसीटी तपासणीचा रंगीत कागद. त्यावर गोल चकत्या, आणि चकत्यांच्या काही फाकांमध्ये ठसठशीत लाल रंग. त्या एका कागदावरून सहा महिन्यांपासून डोळ्यांत थेंब चालू होते आणि ते आता आयुष्यभर घालावे लागतील असं सांगितलं गेलं होतं. आईचं रडून झालं होतं. वडील मुलाच्या नोकरीच्या मेडिकलचं काय होणार इथपर्यंत पोचले होते.

चष्मा लावून त्याला शेवटची ओळ वाचता येत होती. थेंब सुरू होण्याआधीचं डोळ्याचं प्रेशर केसपेपरवर होतं, तेही नॉर्मल. नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट स्वच्छ होती. घरात कुणाला काचबिंदू नव्हता. लाल होता तो फक्त कागद.

हा लाल रंग येतो कुठून, तो कोणी ठरवला आणि मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत तो इतक्या वेळा का उमटतो, हे अनेक रुग्ण विचारतात. ओपीडीत पाच मिनिटांत ते सांगता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी हा थर म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल, म्हणजे रेटिना असतं. तिथे उमटलेल्या चित्राची बातमी मेंदूकडे नेणारे साधारण १० ते १२ लाख बारीक तंतू पटलाच्या पृष्ठभागावरून येत येत एका जागी गोळा होतात आणि तिथून दृष्टीची नस होऊन डोळ्याबाहेर पडतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला पंचगंगा बरी पडते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला जशी एक नदी होते, तसंच हे. संगमापाशी पाणी खोल, आणि वर वर जावं तसा एकेक प्रवाह उथळ. तंतूंचा थरही नसेच्या तोंडाशी जाड असतो आणि तिथून लांब जावं तसा पातळ होत जातो. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

काचबिंदूत हे तंतू हळूहळू मरतात. बहुतेक वेळा दुखत नाही, लाली येत नाही, समोरचं नीट दिसत राहतं. आणि मेलेला तंतू परत येत नाही. मोतीबिंदूचं तसं नाही. १८९४ साली मिरजेत वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या भागातल्या कितीतरी जणांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननं पुन्हा दिसायला लागलं. गढूळ झालेलं भिंग काढता येतं, पण सुकलेली नस पुन्हा जिवंत करता येत नाही. त्यामुळे काचबिंदूच्या बाबतीत सगळी धडपड ‘आधी कसं कळेल’ याचीच राहिली.

जाता जाता नावाबद्दल. सुश्रुतसंहितेत ‘काच’ ही तिमिर रोगाची पुढची अवस्था आहे, म्हणजे आजच्या मोतीबिंदूच्या जवळची. आपण आज ज्याला काचबिंदू म्हणतो त्याच्याशी तिथला ‘अधिमंथ’ जास्त जुळतो. शब्द असे जागा बदलतात. रुग्ण काचबिंदू आणि मोतीबिंदू यांची गल्लत करतात तेव्हा म्हणूनच मला फारसं नवल वाटत नाही.

खड्डा की उंचवटा?

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं डोळ्याच्या आत डोकावायचं उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, जगासमोर आणलं. तोवर जिवंत माणसाची दृष्टीची नस अशी नीट कोणी पाहिलेलीच नव्हती. तीन वर्षांनी, १८५४ मध्ये, बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी काचबिंदूच्या डोळ्यातली नस पाहिली आणि लिहिलं की ती फुगून वर आली आहे. व्हिएन्नाच्या येगर यांनाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात तिथे खड्डा होता! एका डोळ्यानं, सपाट दिसणाऱ्या चित्रात पाहताना खड्डा आणि उंचवटा यांची फसगत झाली. पुढच्या एक-दोन वर्षांतच ग्रेफे यांनी आपली चूक सुधारली, आणि मृत्यूनंतर तपासलेल्या डोळ्यांनी तो खड्डाच असल्याचं पक्कं केलं.

ग्रेफे तेव्हा जेमतेम २६ वर्षांचे होते आणि पुढे त्यांच्या पिढीतले सर्वांत मोठे नेत्रतज्ज्ञ ठरले. अशा माणसालाही नव्या उपकरणानं चकवलं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना मुद्दाम सांगतो. उपकरण खोटं बोलत नव्हतं. त्यानं दाखवलेल्या चित्राचा अर्थ लावायला अजून कोणी शिकलेलं नव्हतं.

नसेचा खड्डा दिसू लागला तरी तंतू दिसत नव्हते. ते जवळजवळ पारदर्शक असतात, आणि त्यांच्यामागची लाल-केशरी झळाळी त्यांना गिळून टाकते. १९१३ साली आल्फ्रेड फोख्ट या स्विस डॉक्टरनं प्रकाशातला लाल भाग गाळून टाकला. उरलेल्या हिरवट उजेडात तंतूंच्या रुपेरी रेघा दिसायला लागल्या. आजही तुमच्या तपासणीत आम्ही दिव्याचं हिरवं फिल्टर लावतो ते यासाठीच. गंमत पाहा, लाल रंग काढला तेव्हा तंतू दिसले, आणि आज लाल रंग दिसला की तंतू गेले असं आपण समजतो.

पण फोख्ट यांच्या या पद्धतीचा काचबिंदूसाठी उपयोग व्हायला आणखी जवळजवळ ६० वर्षं जावी लागली. १९७२ मध्ये विल्यम हॉइट आणि नॅन्सी न्यूमन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये काचबिंदूच्या डोळ्यांतल्या तंतूंच्या थरात पडलेल्या बारीक फटींकडे लक्ष वेधलं. मधलेच दात गळालेल्या फणीसारख्या या फटी असतात. काचबिंदूची ही सर्वांत पहिली खूण असेल का, असा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर बाल्टिमोरहून आलं. १९८२ मध्ये हॅरी क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांतले तंतू मोजून दाखवलं की ४० टक्क्यांपर्यंत तंतू नष्ट झालेले असतानाही त्या काळची फील्ड टेस्ट नॉर्मल येऊ शकत होती. मग १९९१ मध्ये आल्फ्रेड सॉमर यांच्या गटानं वर्षानुवर्षं काढलेले फोटो तपासले. ज्यांच्या फील्ड टेस्टमध्ये पुढे दोष आला, त्यांतल्या साधारण ६० टक्के डोळ्यांत तो येण्याच्या ६ वर्षं आधीच तंतू विरळ झालेले फोटोत दिसत होते. हे सॉमर म्हणजे तेच, ज्यांच्या इंडोनेशियातल्या कामामुळे ‘अ’ जीवनसत्त्वाचं महत्त्व जगाला पटलं. अंगणवाडीत तुमच्या मुलांना जो ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस मिळतो, त्यामागे त्यांच्याही कामाचा वाटा आहे.

सहा वर्षं! काचबिंदूच्या डॉक्टरला याहून मोठी भेट नाही. अडचण एवढीच होती की फोटो वाचणं हे कसब होतं, आणि दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नव्हतं. सगळ्यांना आकडा हवा होता.

ओसीटी आणि राजाराम बंधारा

तो आकडा देणारं तंत्रही त्याच वर्षी, १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत एमआयटीतले डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी. प्रकाशाची सोनोग्राफीच म्हणा. डोळ्यात प्रकाश सोडायचा आणि वेगवेगळ्या थरांवरून तो परत येताना पडलेल्या अतिसूक्ष्म फरकावरून थरांची जाडी काढायची. १९९५ मध्ये जोएल शुमन आणि सहकाऱ्यांनी तिनं तंतूंचा थर मोजून दाखवला. १९९६ पासून यंत्र बाजारात आलं. आज कोल्हापुरात ही तपासणी दहा मिनिटांत होते, आणि हात न लावता होते.

यंत्र काय करतं? नसेच्या तोंडाभोवती साधारण ३.४६ मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ आखतं आणि त्या वर्तुळावर थराची जाडी मोजतं. ही जाडी सरासरी १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे साधारण केसाएवढी असते. मग ती निरोगी माणसांच्या यादीशी ताडून रंग देतं. तुमच्या वयाच्या निरोगी लोकांपैकी सर्वांत पातळ १ टक्क्यात तुम्ही बसत असाल तर लाल, त्याच्या वरच्या ४ टक्क्यांत असाल तर पिवळा, पुढे हिरवा.

लाल म्हणजे रोग नव्हे. लाल म्हणजे ‘यादीतल्या लोकांत असं क्वचित दिसतं’, एवढंच. वर्तुळाच्या १२ फाका आणि ४ चतुर्थांश यांना वेगवेगळे रंग मिळतात, त्यामुळे पूर्ण निरोगी माणसाच्याही एखाद्या फाकेत लाल येण्याची शक्यता आणखी वाढते.

मग प्रश्न उरतो, यादीत कोण आहे? आपल्याकडे खूप वापरात असलेल्या सिरस यंत्राच्या यादीत २८४ माणसं आहेत. त्यांत भारतीय १ टक्का. म्हणजे जेमतेम तिघं! स्पेक्ट्रॅलिस यंत्राच्या मूळ यादीत २०१ जण होते आणि सगळे युरोपीय वंशाचे. कंपन्यांनी लपवून ठेवलेली ही गोष्ट नाही, पण कागदावर लाल रंग ठळक असतो आणि हा तपशील कुठेच नसतो. भारतीय डोळ्यांची मोजमापं झाली नाहीत असंही नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये आणि अरविंद नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. दोन्हीकडे सरासरी १०४-१०५ मायक्रॉनच्या आसपास आली. म्हणजे आपले तंतू काही जगावेगळे नाहीत. खरी अडचण वंशापेक्षा डोळ्याच्या लांबीची आहे.

कोल्हापूरकराला पावसाळ्यात झोपेतही दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पण हे आकडे त्या एका बंधाऱ्याचे आहेत. तेच ४३ फूट कोणी भोगावतीवरच्या एखाद्या पुलाला लावले तर आपण हसू. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्याच्या बाबतीत यंत्र जवळजवळ हेच करतं.

मायनस नंबर का येतो? बहुतेक वेळा डोळा पुढून मागे जास्त लांब असतो म्हणून. व्हिएन्नाच्या फेर्डिनांड फॉन आर्ल्ट यांनी १८५० च्या दशकात मृत्यूनंतर डोळे तपासून हे दाखवलं होतं. सर्वसाधारण डोळा २३-२४ मिलिमीटरचा असतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की ढोबळमानानं मायनस अडीच ते तीन नंबर चढतो. त्या इचलकरंजीच्या मुलाचा डोळा २७ मिलिमीटरचा होता.

आता बॅटरीचा झोत भिंतीवर टाका आणि एकेक पाऊल मागे जा. उजेडाचं वर्तुळ मोठं होत जातं. ओसीटीचं वर्तुळही तसंच. यंत्राला वाटतं आपण ३.४६ मिलिमीटरचं वर्तुळ आखलं, पण लांब डोळ्यात ते प्रत्यक्षात त्याहून मोठं पडतं, म्हणजे नसेपासून लांब. आणि लांब गेलं की थर पातळ लागणारच. संगमावर मोजायचं पाणी आपण वर जाऊन मोजलं.

याचा हिशेब फार आधीपासून माहीत होता. डोळ्याच्या लांबीप्रमाणे ही दुरुस्ती कशी करायची याचं सूत्र हान्स लिटमन यांनी १९८२ मध्येच दिलं होतं. झाइस कंपनीचे हे लिटमन म्हणजे ज्यांनी रचलेल्या मायक्रोस्कोपनं ऑपरेशन थिएटरचा चेहरा बदलला तेच. तरीही २००७ मध्ये डोनाल्ड ब्यूडेन्झ यांनी ३२८ निरोगी लोकांची मोजमापं मांडली तेव्हा दिसलं की डोळा एक मिलिमीटर लांब असला की सरासरी जाडी सुमारे २.२ मायक्रॉननं कमी भरते. तुलनेला सांगतो, वयाची १० वर्षं वाढली की साधारण २ मायक्रॉन कमी होतात. यंत्र वयाचा हिशेब धरतं, लांबीचा नाही. हाँगकाँगच्या ख्रिस्तोफर लियुंग यांनीही २००६ मध्ये लांब डोळ्यांत थर पातळ मोजला जातो हे दाखवलं होतं. मग २०१० मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी लिटमनची दुरुस्ती लावून आकडे पुन्हा मांडले, आणि जास्त नंबर म्हणजे पातळ थर हे नातं नाहीसं झालं. तंतू होते तिथेच होते. मोजपट्टी सरकली होती.

आणखी एक गोष्ट. तंतूंचे दोन जाड जुडगे असतात, एक वरून येणारा आणि एक खालून. आलेखावर ते दोन डोंगरांसारखे दिसतात. लांब डोळ्यात हे दोन्ही डोंगर दृष्टीच्या केंद्राच्या बाजूला सरकलेले असतात. यंत्र पन्हाळा शोधतं नेहमीच्या जागी, तिथे त्याला दरी दिसते, आणि ते लाल रंग देतं. पन्हाळा थोडा बाजूला शाबूत असतो.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात विदर्भातल्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले. आपल्या राज्यातलं हे फार मोलाचं काम आहे. तिथे डोळ्याची सरासरी लांबी निघाली २२.६ मिलिमीटर, म्हणजे आखूड. मायनस ६ च्या पुढचा नंबर शंभरात एकालाही नव्हता. आखूड डोळ्यात वर्तुळ लहान पडतं, नसेच्या जवळ येतं, थर जाड भरतो. म्हणजे शहरातल्या चष्मिस मुलाला जे यंत्र उगाच घाबरवतं, तेच खेड्यातल्या आखूड डोळ्याच्या माणसाला उगाच हिरवा कंदील दाखवू शकतं.

मग मायनस नंबरवाल्यांनी लाल रंग सोडून द्यायचा?

नाही. आणि इथे माझी स्वतःची एक चूक सांगणं भाग आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक शिक्षिका यायच्या. नंबर मायनस ६. ओसीटीत खालच्या बाजूला लाल. प्रेशर १६. “ताई, तुमच्या नंबरमुळे असं दिसतं,” असं मी सांगितलं, आणि फील्ड टेस्ट ‘पुढच्या वेळी करू’ म्हणून ठेवून दिली. पुढची वेळ अडीच वर्षांनी आली. तोवर त्यांच्या उजव्या डोळ्याचा वरचा घेर काळवंडला होता. फळ्यावर लिहिताना वरची ओळ हरवते, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचा लाल रंग खरा होता. मला तो नंबरचा वाटला, कारण मला तसं वाटून घेणं सोपं होतं. त्यांचा उरलेला घेर थेंबांनी टिकून आहे. गेलेला परत आलेला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स पाहणीनं १९९९ मध्येच सांगितलं होतं की मायनस नंबर असलेल्यांना काचबिंदूची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट असते. म्हणजे ज्या डोळ्यांत यंत्र सर्वांत जास्त चुकतं, त्याच डोळ्यांना रोगाचा धोकाही जास्त. ही या सगळ्या प्रकरणातली खरी गाठ आहे, आणि एका कागदानं ती सुटत नाही.

म्हणून मायनस ५-६ च्या पुढचा नंबर असेल तर मी डोळ्याची लांबी मोजून कागदावर लिहून ठेवतो. फील्ड टेस्ट करतोच, आणि पहिली बिघडलेली आली तर दुसरी करतो, कारण पहिल्या वेळी पुष्कळ जण गोंधळतात. रंगांपेक्षा मूळ चित्र पाहतो. जाडीच्या नकाशात फट पाचरीसारखी आहे का, वरच्या आणि खालच्या बाजूत फरक आहे का, दृष्टीच्या केंद्राजवळच्या पेशींचा थर तीच गोष्ट सांगतो का. आणि मुख्य म्हणजे तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा करतो. लांब डोळा जन्मभर लांबच असतो, त्याचा लाल रंग जागचा हलत नाही. काचबिंदूचा लाल रंग पसरतो. सरासरीत चार-पाच मायक्रॉनच्या आतला फरक यंत्राचाच समजायचा, पण दर वर्षी एकाच दिशेनं घसरण होत असेल तर तो यंत्राचा दोष नाही. तेव्हा जुने रिपोर्ट टाकू नका. रंग उडाला असला तरी चालेल, आकडे वाचता आले म्हणजे झालं. आणि हे वाचून चालू असलेले थेंब कोणीही आपल्या मनानं बंद करू नयेत.

त्या मुलाचे थेंबही मी त्या दिवशी बंद केले नव्हते. दोन वेळा फील्ड, लांबी, कॉर्नियाची जाडी, सगळं झाल्यावर बंद केले आणि दोन महिन्यांत वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रेशर मोजलं. त्याची सरासरी जाडी तेव्हा ७८ मायक्रॉन होती. नंतरच्या वर्षांत ७७, ७९, ७८. फाका त्याच, लाल तेवढाच. आता तो पुण्यात नोकरी करतो आणि दर जूनमध्ये गावी आला की फाईल घेऊन येतो. मागच्या वेळी आई सोबत नव्हती. रिपोर्ट हातात पडताच त्यानं रंगांकडे न बघता खालचा आकडा शोधला, मोबाईलमध्ये नोंदवला आणि विचारलं, “फील्ड या वर्षी करायची की पुढच्या?”

या वर्षी केली.